आतड्याचं ऑपरेशन, पोटातला वारा आणि जोतिबाची चढण

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सकाळच्या फेरीला आलेले डॉक्टर जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारतात, तो घरात चारचौघांत कुणी विचारत नाही. "गॅस पास झाला का?" रुग्ण ओशाळतो. उशाशी बसलेली सून खिडकीबाहेर बघू लागते. मग आजोबा दबक्या आवाजात "व्हय, पहाटं झाला" असं सांगतात आणि डॉक्टरांचा चेहरा खुलतो. ते फाइलवर काहीतरी लिहितात, चहा द्यायला परवानगी देतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. वॉर्डातल्या त्या सकाळची ती सगळ्यांत चांगली बातमी असते.

कोल्हापूरकडच्या घरांत यानंतर दुसरा प्रश्न येतो, तो रुग्णाकडून. "यंदा जोतिबाला जाता येईल का?" पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीचा जोतिबा हा महाराष्ट्रातल्या आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या असंख्य घरांचा कुलस्वामी. चैत्र पौर्णिमेला त्याची यात्रा भरते, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते, सासनकाठ्या नाचतात, "चांगभलं"चा गजर होतो. माघात सुरू होणाऱ्या खेट्यांसाठी, म्हणजे रविवारच्या पायी दर्शनांसाठी, माणसं पहाटेच्या अंधारात कोल्हापुरातून निघतात आणि गायमुखाच्या वाटेनं चालत डोंगर चढतात. ज्याचं आतडं कापून पुन्हा जोडलंय, किंवा ज्याच्या पोटावर मलमार्गाची पिशवी आलीय, त्याला या गर्दीत, या चढणीवर, या प्रसादासमोर आपल्या पोटाचा भरवसा वाटत नाही. भीती दुखण्याची असतेच. पण त्याहून मोठी भीती आवाजाची आणि वासाची असते, आणि तिच्यापायी माणसं जेवण तोडतात, प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत. ही भीती वैद्यकाच्या साध्या माहितीनं बरीच कमी होऊ शकते.

आधी आतडं का थांबतं ते पाहू. पोट उघडून आतड्याला हात लावला की ते काही काळ हालचाल बंद करतं. त्याच्या भिंतीतल्या स्नायूंत सूज येते, मज्जातंतूंकडून थांबण्याचे संदेश जातात. त्यात वेदना कमी करण्यासाठी दिलेली मॉर्फिनच्या जातीची औषधं आतड्याला आणखी सुस्त करतात. रक्तातलं पोटॅशियम घटलं तर भर पडते. सर्वसाधारणपणे लहान आतडं एका दिवसात कामाला लागतं, जठराला एक ते दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं जागं व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे वारा सरला याचा अर्थ सगळ्यांत उशिरा उठणारा भागही उठला. डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकतात. पण आतडं नीट चालू झालं की नाही हे त्या आवाजावरून खात्रीनं सांगता येत नाही. वारा सरणं आणि शौचाला होणं यावर अधिक विसंबता येतं.

पोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आतड्यातला अडथळा काढण्यासाठी पोटाला छेद देण्याचं आणि फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चावून घेऊन जोडण्याचं वर्णन आहे. आधुनिक काळातला एक प्रसंग मात्र थेट कोल्हापूरशी येऊन भिडतो.

शहरातलं आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं सीपीआर, एकेकाळी ॲल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. ज्याचं नाव या इमारतीला मिळालं तो ब्रिटनचा युवराज १९०१ साली सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला. देशोदेशीचे पाहुणे लंडनकडे निघाले, त्यांत कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराजही होते. आणि समारंभाला दोन दिवस उरले असताना, २४ जूनला, बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका खोलीत राजाचं पोट उघडावं लागलं. अपेंडिक्सभोवती पू साठला होता. शस्त्रक्रिया करणारे सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हे आतड्याच्या अडथळ्यावर १८८४ सालीच ग्रंथ लिहिलेले सर्जन. पोटाच्या आजारात दिवस किती महागात पडतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी पू काढून दिला, राजा वाचला आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. शाहू महाराजांच्या याच इंग्लंडवारीच्या काळात, २६ जुलैला, करवीर गॅझेटमध्ये पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश प्रसिद्ध झाला, म्हणून कोल्हापूरकरांना ते वर्ष वेगळ्या कारणानं पाठ आहे. आज अपेंडिक्सची शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावीही होते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी साम्राज्याचा सोहळा पुढे ढकलण्याइतकं ते जीवघेणं प्रकरण होतं.

त्यानंतरच्या जवळजवळ शतकभर जगभरच्या रुग्णालयांत एकच शिस्त होती: नाकातून नळी, सलाइन, आणि वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही. अनेक घरांतल्या थोरल्यांनी हे सोसलंय, आणि म्हणूनच आज शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला पातळ खायला दिलं की नातेवाईक घाबरतात. "अजून गॅस सुटला नाही आणि खायला कसं काय देता?" हा बदल १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांच्या कामातून सुरू झाला. मॉर्फिनसारखी औषधं कमी, नळी शक्यतो नाही, लवकर उठवून चालवणं आणि लवकर थोडं थोडं खायला देणं, अशी त्यांची पद्धत. ठरलेल्या शस्त्रक्रियांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वाऱ्याची वाट न पाहता घोट-घोट देणं सुरक्षित असतं आणि त्यानं आतडं लवकर जागं होतं, हे आता जगभर मान्य आहे.

याच शोधातून एक अगदी साधा उपाय पुढे आला, च्युइंगम. २००२ साली जपानी डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या १९ रुग्णांचा लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना दिवसातून तीनदा गम चघळायला दिला त्यांचा वारा सरासरी २.१ दिवसांत सरला, इतरांना ३.२ दिवस लागले. चघळण्यानं जेवण आल्याची वर्दी मेंदूकडून आतड्याला जाते, लाळ आणि पाचकरस सुटतात, आणि प्रत्यक्षात पोटात अन्न जात नाही. २०१५ साली कोक्रेन या संस्थेनं अशा ८१ अभ्यासांचा आणि नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा वारा सुमारे दहा तास आधी सरतो असं दिसलं, पण यातले बरेच अभ्यास कच्चे होते हेही त्यात नोंदवलं होतं. हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये कॉफीचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कॉफी प्यायलेल्यांना पाणी प्यायलेल्यांपेक्षा आधी शौचाला झाली. वारा सरण्याच्या वेळेत मात्र ठळक फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत, पण सुरू करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच, कारण प्रत्येक जोड सारखी नसते.

या पहिल्या दिवसांत आणखी एका वायूमुळे गोंधळ होतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे सर्जनला आत बघायला जागा मिळते. शस्त्रक्रिया संपताना तो काढतात, तरी थोडा मागे राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला चाळवतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच पातळीवरच्या मज्जातंतूंतून जाते, म्हणून रुग्णाचा खांदा दुखतो. खांदा दुखतोय म्हटल्यावर घरच्यांना हृदयविकाराची धास्ती वाटते. डॉक्टरांना जरूर सांगावं, पण हा वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो आणि दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतं. तो आतड्याच्या बाहेरचा असल्यामुळे ओवा खाऊन किंवा ढेकर देऊन निघणार नाही. चालण्यानं बरं वाटतं.

पोट फुगणं नेहमी निरुपद्रवी नसतं, आणि हे इथंच सांगायला हवं. पोट फुगत चाललंय, वारा आणि शौच दोन्ही बंद आहेत, हिरवट उलट्या होतायत, कळा येतायत, असं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. शस्त्रक्रियेनंतर आतड्याचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि त्यामुळे असा अडथळा वर्षांनंतरही येऊ शकतो. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, वाढलेली नाडी, वाढत जाणारी पोटदुखी ही जोड गळत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी घरी एनिमा घेणं, जुलाबाचं औषध देणं, पोट चोळणं यांतलं काहीही करू नये. तोंडानं काही न देता रुग्णालय गाठावं, रात्र असली तरी.

हे धोके बाजूला ठेवले, की उरतो रोजचा वारा. तो येतो कुठून? एक वाटा गिळलेल्या हवेचा. घाईनं जेवताना, बोलता-बोलता खाताना, स्ट्रॉनं पिताना, तंबाखू किंवा गम चघळताना हवा पोटात जाते. दुसरा वाटा मोठ्या आतड्यातले जिवाणू तयार करतात. लहान आतड्यात न पचलेली कर्बोदकं त्यांच्यापर्यंत पोचली की ते ती आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. यांतल्या एकाही वायूला वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि त्यांचं प्रमाण एकूण वायूच्या एका टक्क्यापेक्षाही कमी असतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी १९९१ साली दहा निरोगी माणसांचा चोवीस तासांचा वारा मोजला. नेहमीच्या जेवणात २०० ग्रॅम शिजवलेल्या घेवड्याची भर घातल्यावर तो कुणाचा ४७६ मिलिलिटर भरला, कुणाचा १,४९१. मग त्यांना तंतू नसलेला आहार दिला, तेव्हाही दिवसाला साधारण २०० मिलिलिटर वारा होताच. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकानं हा आकडा लक्षात ठेवावा असा आहे. जेवण कितीही तोडलं तरी वारा शून्यावर येत नाही. अशक्तपणा मात्र नक्की येतो, आणि अशक्त शरीरात टाके उशिरा भरतात.

शस्त्रक्रियेनंतर काही गोष्टींनी वारा वाढतो, त्यामागे कारण असतं. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप काढावी लागली असेल तर मोठ्या आतड्यातले जिवाणू वर सरकून लहान आतड्यातच आंबवणं सुरू करू शकतात. लहान आतड्याचा भाग गेला किंवा त्याला सूज असली तर दुधातली साखर काही काळ पचत नाही. कोल्हापूरकराला हे पटवणं अवघड जातं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध फेसासकट पिऊन वाढलेल्या माणसाला "दूध सध्या बंद" सांगितलं तर त्याला ते अपमानासारखं वाटतं. पण पेलाभर दुधानंतर तास-दोन तासांत पोटात गुबारा धरत असेल आणि पातळ होत असेल, तर दोन आठवडे दूध थांबवून बघावं. दही आणि ताक बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी त्यातली थोडी साखर आधीच संपवलेली असते.

कडधान्यांची गोष्ट अशीच. हरभरा, वाटाणा, राजमा, मटकी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नाहीच, म्हणून त्या जशाच्या तशा जिवाणूंच्या हाती लागतात. या साखरा पाण्यात विरघळतात आणि मोड येताना दाणा स्वतःच त्या वापरतो. रात्रभर भिजवून पाणी फेकणं, मोड आणणं, मऊ शिजवणं, ही आपल्या आज्यांची रीत म्हणजे वारा कमी करण्याचा उत्तम उपाय. कोल्हापुरी मिसळीतली मटकी मोडाची असते, तेवढ्यापुरती ती सोपी. अडचण वरच्या फरसाणाची, तेलकट कटाची आणि कांद्याची असते. जोतिबाला नैवेद्य पुरणपोळीचा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून तिचं पाणी काढतात तेव्हा विरघळणाऱ्या साखरांचा काही भाग त्या पाण्यात उतरतो, आणि त्याच पाण्याची पुढे कटाची आमटी होते. तेव्हा ज्याला वाऱ्याचा त्रास आहे त्यानं सणाच्या ताटातली अर्धी पोळी तुपाबरोबर सावकाश खावी आणि आमटीची वाटी यंदा राहू द्यावी. देवाच्या प्रसादाला नाही म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

पहिले चार ते सहा आठवडे मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, अंडं सोसत असेल तर अंडं, असं सोपं जेवण बहुतेक सर्जन सांगतात. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. नंतर एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि तो दोन-तीन दिवस बघून मग पुढचा. पांढरा रस्सा पातळ असला तरी त्यातल्या नारळाच्या दुधात आणि मटणाच्या अळणीत स्निग्धता भरपूर असते, ती पोट रिकामं होण्याचा वेग कमी करते. एक वाटी चालेल, चार नाहीत. तांबड्याला आणखी थोडे दिवस थांबावं.

घरगुती औषधांत हिंग, ओवा, बडीशेप यांनी अनेकांना बरं वाटतं आणि जेवणातल्या प्रमाणात त्यांचा अपाय नाही. पाण्यात फेसाळणारी आम्लपित्ताची चूर्णं आणि सोडावॉटर यांचं मात्र उलट आहे. तो फेस कार्बन डायऑक्साइडचाच असतो. ढेकर येऊन मोकळं वाटतं तो ढेकर बराचसा त्या चूर्णानंच तयार केलेला असतो. सिमेथिकोनच्या गोळ्या सुरक्षित आहेत, बुडबुडे फोडतात, पण मोठ्या आतड्यात वारा तयार होणं त्या थांबवत नाहीत. पवनमुक्तासनाचं नाव लगेच सुचतं. पोटाचे टाके ताजे असताना गुडघे पोटावर दाबणं सर्जनच्या परवानगीशिवाय करू नये. सुरुवातीला डाव्या कुशीवर निजणं आणि दर दोन-तीन तासांनी वॉर्डात किंवा घरात चार फेऱ्या मारणं पुरे असतं.

ज्यांच्या पोटावर स्टोमा आहे, म्हणजे आतड्याचं टोक पोटावर आणून त्यावर पिशवी लावली आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो. वारा कधी सुटेल यावर त्या माणसाचा ताबाच नसतो, आणि सुटलेला वारा पिशवीत साठून ती शर्टाखाली फुगते. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत यासाठी प्रशिक्षित परिचारिका असतात, त्या पिशवीचं सगळं शिकवतात. लहान गावी परतलेल्या रुग्णाला मात्र बऱ्याचदा मेडिकलवाल्यालाच विचारावं लागतं. काही गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात. लहान आतड्याच्या स्टोमात येणारा वारा मुख्यतः गिळलेल्या हवेचा असतो आणि खाल्ल्यावर साधारण दोन-चार तासांत येतो. मोठ्या आतड्याच्या स्टोमात सहा-आठ तास लागतात. दुपारी बाराला दर्शनाची रांग असेल तर पहिल्यानं सकाळचा नाश्ता आणि दुसऱ्यानं पहाटेचं खाणं सांभाळायचं, एवढं गणित यातून सुटतं. उपाशी राहून निघणं हा उपाय नव्हे. रिकाम्या आतड्यातही हवा जाते आणि गुडगुड वाढते. रविवारचा उपास सोडवत नसेल त्यानं थोड्या थोड्या वेळानं काहीतरी खात राहावं, आणि शेंगदाणे घातलेल्या खिचडीपेक्षा वरीचा मऊ भात निवडावा.

पिशवीचा कोळशाची गाळणी असलेला प्रकार मिळतो. कोळसा वास शोषतो आणि हवा हळूहळू बाहेर सोडतो, पण गाळणी भिजली की निकामी होते. गाळणी नसेल तर स्वच्छतागृहात जाऊन पिशवीचं तोंड उघडून हवा सोडायची, आणि ती एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. पिशवीला टाचणीनं भोक पाडणं हा सर्रास केला जाणारा उद्योग फार त्रासाचा आहे. त्या भोकातून वास दिवसभर येत राहतो. स्टोमातून आवाज होईलसं वाटलं तर कपड्यावरून तळहात हलकेच दाबून धरावा, आवाज बराच दबतो.

आता डोंगर. उंचीवर वायू प्रसरण पावतो हे खरं. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९८१ साली गिर्यारोहकांना उंचावर वारा जास्त सरतो याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. विमानाच्या केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या दाबाइतका ठेवतात, तिथं पिशवीतली हवा जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत वाढू शकते, म्हणून विमानात चढण्याआधी पिशवी रिकामी करायला सांगतात. जोतिबा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर आहे, आणि कोल्हापूर शहरापासूनची चढण साधारण चारशे मीटरची. हिशेब केला तर वायू जेमतेम चार-पाच टक्के वाढतो. घाट चढल्यावर पिशवी फुगलेली दिसली तर दोष उंचीचा नसतो. तोंडानं घेतलेला श्वास, वाटेत प्यायलेला सोडा आणि घाईनं गिळलेली भजी यांचा तो परिणाम असतो.

जपायचं ते वेगळ्याच गोष्टींना. लहान आतड्याचा स्टोमा असणाऱ्यांनी खोबऱ्याला जपावं. सुक्या खोबऱ्याचे तुकडे नीट चावले गेले नाहीत तर स्टोमाच्या अरुंद तोंडाशी अडकून अडथळा होऊ शकतो. उसाची चोय, मक्याचे दाणे, अख्खे शेंगदाणे यांचंही तसंच. प्रसादाचं खोबरं कपाळाला लावून घरच्यांच्या हातावर ठेवावं, किंवा अगदी बारीक किसून, पिठासारखं चावून चिमूटभर खावं. स्टोमातून चार-सहा तास काहीच आलं नाही, कळा येतायत, स्टोमा सुजलाय, तर डोंगरावर थांबू नये. दुसरं, पाणी. या लोकांच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही बरंच जातं. चैत्राच्या उन्हात चढताना नुसतं साधं पाणी ढोसून भागत नाही, त्यानं उलट जास्त पातळ होऊ शकतं. ओआरएस घोट-घोट घ्यावं. पिशवी आदल्या दिवशी बदलावी, म्हणजे तिची चिकटपट्टी घामात टिकते का ते घरीच कळतं. एक जादा संच, पाणी आणि टिशू झोळीत असावेत. आणि सासनकाठी? शस्त्रक्रियेनंतर किमान सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका असं सर्जन सांगतात. उंच काठी पेलून नाचवताना पोटाच्या स्नायूंवर जो ताण येतो तो याच्या कितीतरी पट असतो, आणि स्टोमा असलेल्याला तर शेजारी हर्निया होण्याचा धोका कायमचा राहतो. ज्या घराकडे काठीचा मान आहे त्या घरातल्या माणसाला हे सांगणं जड जातं. तरी त्या वर्षी काठी भावानं किंवा पुतण्यानं पेलावी.

चालत चढणं मात्र जमू शकतं. टाके भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, रोज थोडं थोडं अंतर वाढवत नेलेलं चालणं आतड्याला हवंच असतं. पहिल्या वर्षी गाडीनं वर जाऊन पायऱ्या तेवढ्या चढाव्यात, पुढच्या माघात खेट्याचा विचार करावा.

सगळ्यांत एकटे पडतात ते गुदाशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. कर्करोगाचा भाग काढून आतडं खाली जोडलेलं असतं, तात्पुरती पिशवी काही महिन्यांनी बंद केलेली असते, आणि सगळे म्हणतात, "आता झालं सगळं." त्यांच्यासाठी मात्र खरा त्रास इथूनच सुरू होतो. मळ साठवणारी जागा गेलेली असते, त्यामुळे दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, एकदम लागतं, आणि वारा आहे की मळ हे कळत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली या त्रासाचं मोजमाप करण्यासाठी पाच प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. तिचा पहिलाच प्रश्न वाऱ्यावरचा आहे: तो तुम्हाला कधी आवरता येत नाही असं होतं का? एकूण ४२ गुणांपैकी या प्रश्नाला जास्तीत जास्त सात गुण आहेत. अचानक लागून धावपळ होण्याला सोळा. हे गुण कोणता त्रास रुग्णाचं जगणं किती बिघडवतो यावरून दिलेले आहेत, आणि तीस किंवा त्याहून जास्त गुण झाले तर त्रास गंभीर समजतात. यावर उपाय आहेत. इसबगोलानं मळ बांधला जातो, लोपेरामाइडनं वेग कमी होतो, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, आणि काहींना ठरावीक वेळी पाण्यानं आतडं धुण्याचा उपयोग होतो. बऱ्याच जणांत पहिल्या वर्ष-दीड वर्षात फरक पडतो.

पण डॉक्टरांच्या समोर बसल्यावर रुग्ण "तसं बरं आहे" म्हणतो आणि उठतो. बायको सोबत असेल तर तीच नजरेनं खुणावते, तरी तो बोलत नाही. म्हणून तपासणीला जाण्याआधी आठवडाभर एक साधी वही ठेवावी: कधी काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, वारा किती वेळा आवरला नाही, रात्री उठावं लागलं का. तोंडानं सांगायला जड जात असेल तर ती वही टेबलावर पुढे सरकवावी. तेवढ्यावरून डॉक्टरांना लोपेरामाइडची मात्रा आणि वेळ ठरवता येते.